काळ्या पानांची बाग आणि अंगणातील मुले

गेल्या वर्षी चवथ आटोपून आठ-दहा दिवस झाले असतील. दीड वर्षाच्या मुलीला लस टोचून घेण्यासाठी आलेल्या एका तरुण मातेने, मुलीचे रडणे थांबल्यावर, थोड्या संकोचानेच आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. परदेशातील कुठल्याशा घराच्या पायऱ्यांचे छायाचित्र होते. पायऱ्यांवर काळ्या लोखंडी कढया आणि गंजके हंडे मांडलेले, त्यांत जांभळी, गर्द तपकिरी, जवळजवळ काळीच भासणारी पाने, आणि मधूनच एखादे पांढरे फूल. "डॉक्टर, याला गॉथिक बाग म्हणतात म्हणे. दिवाळीपर्यंत आमच्या सोप्यावर अशी बाग करायची आहे. यातले कुठले झाड मुलांना बाधेल का, तेवढे सांगा," ती म्हणाली. सोबत झाडांची यादी होती. यादी वाचताना माझ्या लक्षात आले की, त्यांतील निदान चार झाडांमुळे आजारी पडलेली मुले मी स्वतः तपासली आहेत.

त्या मातेला तपासणीच्या खोलीत पाच मिनिटांत जे सांगता आले नाही, ते येथे सविस्तर मांडत आहे. स्मरणिकेच्या वाचकांत निम्मे डॉक्टर आहेत आणि उरलेल्या निम्म्यांच्या घरी कुंड्या आहेत, त्यामुळे विषय अगदीच अस्थानी ठरू नये.

प्रथम 'गॉथिक' या शब्दाविषयी. गॉथ ही युरोपातील एक जुनी जमात. मध्ययुगातील उंच, टोकदार कमानींच्या वास्तुशैलीला पुढच्या काळातील इटालियन विद्वानांनी तुच्छतेने तिचे नाव दिले. १७६४ साली होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने गढीतील भुताखेतांची कादंबरी लिहिली आणि तेव्हापासून हा शब्द काळोख, भय व गूढता यांना चिकटला. गंमत अशी की, आपल्या गोव्यात गॉथिक शैलीचे म्हणून जे चर्च सर्वांना ठाऊक आहे, ते साळगावचे १८७३ सालचे चर्च, पांढरेशुभ्र आहे! असो. ऑक्टोबरअखेरीस पाश्चात्त्य देशांत हॅलोवीनचा सण येतो आणि त्या सुमारास दारात काळ्या पानांच्या कुंड्या मांडण्याची हौस तिकडे असते. ती हौस आता शापोरा नदीच्या या काठावर, तुयेपर्यंत येऊन पोहोचली आहे.

मला त्यात वावगे काही वाटत नाही. काळ्याचे वावडे आपल्याला कधी होते? तान्ह्या बाळाच्या गालावर काळी तीट आपण लावतो, मनगटात काळे मणी बांधतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगावी नरकासुराच्या अक्राळविक्राळ प्रतिमा उभ्या राहतात, पहाटे त्या जाळल्या जातात आणि मग अभ्यंगस्नानाच्या वेळी पायाच्या अंगठ्याखाली कडू कारीट फोडले जाते. भयाचा उत्सव आपल्याकडेही शरदातच येतो. एक भेद मात्र ध्यानात ठेवायला हवा. तिकडे या दिवसांत पानगळ असते. आपली पानगळ शिशिरात. आश्विन-कार्तिकात पेडण्याची लाल माती अजून ओली असते, ऊन एकाएकी कडक होते, आणि झाडे पानांनी गच्च भरलेली असतात. तिकडची यादी जशीच्या तशी इकडे लागू पडत नाही ती यामुळे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. पान काळे का दिसते, आणि काळे पान विषारी असते का?

पानातील हरितद्रव्य तांबडा व निळा प्रकाश शोषून घेते आणि हिरवा बऱ्याच अंशी परत पाठवते. त्याच पानात अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य दाटले, तर ते हिरवा प्रकाशही गिळून टाकते. परत येण्याजोगा प्रकाश फारसा उरतच नाही आणि डोळ्याला पान काळपट दिसते. हे रंगद्रव्य आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. जांभूळ खाऊन जीभ जांभळी होते ती याच्यामुळे, कोकमाचे आगळ लाल असते ते याच्यामुळे, आणि आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते तीही याच्यामुळेच. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून वाचवणारी ती छत्री होय. म्हणून काळ्या पानाचे रोप सावलीत ठेवले की चार आठवड्यांत हिरवे पडू लागते आणि रोपवाटिकेवाल्याने फसवले, अशी आपली समजूत होते. त्याने फसवलेले नसते. रोपाला सकाळचे ऊन मिळेनासे झालेले असते.

तांबडी भाजी, बीट आणि मायाळू यांचा लाल रंग मात्र अँथोसायनिनचा नसून बीटालेन नावाच्या वेगळ्या रंगद्रव्यगटाचा आहे. ही दोन्ही रंगद्रव्ये निसर्गात एकाच वनस्पतीत एकत्र नांदत नाहीत. (बीट खाल्ल्यावर काही मुलांना गुलाबी लघवी होते आणि रक्त जाते म्हणून आई-वडील धावत येतात, ते या बीटालेनमुळे. आदल्या रात्री काय खाल्ले, एवढे विचारले की पुष्कळ तपासण्या वाचतात.)

ही दोन्ही रंगद्रव्ये निरुपद्रवी आहेत, आपण ती रोज खातो. विषाचा कारभार निराळा असतो. धोतऱ्यातील ॲट्रोपीन व स्कोपोलामीन, कण्हेरीतील हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे, एरंडाच्या बीतील रिसिन, यांपैकी कशालाही काळा रंग नाही. पांढऱ्या फुलांचा धोतरा काळ्या धोतऱ्याइतकाच विषारी असतो, आणि हिरव्या-पांढऱ्या पानांचे गोजिरवाणे डिफेनबेकिया हे कित्येक काळ्या पानांपेक्षा घातक. काळेपणा आणि विष यांचा परस्परांशी काही संबंध नाही, आणि याचाच आपल्याला उपयोग करून घेता येतो. हवा तेवढा काळोख कुंडीत भरावा आणि विष तेवढे बाहेर ठेवावे.

तरीही गॉथिक बागेच्या याद्यांत विषारी झाडे इतकी का येतात? कारण तिकडे त्या भयाचेच आकर्षण आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलंड परगण्यातील ॲनिक येथे २००५ साली केवळ विषारी वनस्पतींची एक बाग खुली झाली. तिच्या काळ्या लोखंडी दारावर कवटीचे चिन्ह आहे. तेथे सुमारे १०० विषारी वनस्पती आहेत, कशालाही हात लावण्याची वा वास घेण्याची मनाई आहे आणि मार्गदर्शकावाचून आत सोडत नाहीत. आपल्या सोप्यावरील कुंडीला दारही नसते आणि मार्गदर्शकही नसतो. असते ते रांगणारे मूल. त्या वयात मूल जगाची ओळख तोंडाने करून घेते.

माझ्या आठवणीत ठसलेली एक घटना सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची, ऑक्टोबरातील एक संध्याकाळ. चार वर्षांचा मुलगा, अंग तापलेले, चेहरा लालबुंद, ओठ कोरडे ठणठणीत. तो आम्हा कुणाला ओळखत नव्हता. हवेत हात नेऊन न दिसणारे काहीतरी पकडत होता आणि मध्येच हसत होता. सोबत आलेली आजी हलक्या आवाजात म्हणाली, "दोतोर, ताका कितें तरी दिसता. आमकां दिसना." दुपारपासून घरच्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली होती, आणि त्यात तीन तास गेले होते. ताप आणि भ्रम पाहून, ऑक्टोबर महिना लक्षात घेता, मीदेखील प्रथम मेंदूज्वराचाच विचार करू लागलो होतो. परंतु डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकला, तेव्हा बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या होत्या आणि प्रकाशाने जराही आकसल्या नाहीत. काखेत घामाचा थेंब नव्हता. पोटावर हात ठेवला, तर मूत्राशय नारळासारखे टणक लागले. नाडी मोजवत नव्हती इतकी जलद. मी आजींना विचारले, "आजी, दारात झाड कुठले आहे?" त्यांनी उत्तर देण्याआधीच परिचारिकेने मुलाच्या चड्डीच्या खिशातून बोथट काट्यांचे एक फुटके बोंड बाहेर काढले. काळा धोतरा. महादेवाला वाहण्यासाठी आजींनी तो कौतुकाने कुंडीत वाढवला होता. मुलाने त्यातल्या चपट्या बिया वांग्याच्या बियांसारख्या चघळल्या होत्या.

मुलगा वाचला. शिरेवाटे द्रव, शांत करणारे औषध, मूत्रनलिका, अंग पुसणे आणि अखंड लक्ष, यांवरच दोन दिवसांत तो शुद्धीवर आला. बाहुल्या पूर्ववत व्हायला मात्र आणखी काही दिवस लागले. आमच्या तरुण सहकाऱ्यांना मी हे चित्र एवढ्याच शब्दांत सांगतो: धोतऱ्याचे मूल कोरडे आणि बाहुल्या विस्फारलेल्या, कीटकनाशकाचे मूल ओले आणि बाहुल्या आकसलेल्या. ताप असलेल्या, बरळणाऱ्या मुलाच्या पाठीत सुई घालण्यापूर्वी त्याच्या काखेत हात घालून पाहावा.

घरी सोडताना मी आजींना झाड उपटून टाकायला सांगितले. त्या गप्प राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "देवाचे झाड आहे. मी कसे उपटू?" त्यांचा प्रश्न रास्त होता. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोतरा आहे, कण्हेरही आहे. आपल्या पूर्वजांनी ही झाडे देवाला वाहिली, तोंडात घातली नाहीत. आम्ही तडजोड केली. कुंडी परसातील गडग्यापलीकडे गेली, आणि बोंड धरले की ते हिरवे असतानाच काढून पुरून टाकायचे, असे आजींनी कबूल केले. एरवी पथ्य न पाळणाऱ्या त्या बाईंनी हे मात्र पाळले, असे पुढे मुलाच्या आईकडून कळले.

धोतऱ्यासारखेच कुंडीबाहेर ठेवण्याजोगे आणखी कोण? गॉथिक यादीत हमखास असणारा तांबड्या-काळ्या पानांचा एरंड. त्याची बी अख्खी गिळली तर बहुधा तशीच बाहेर पडते, चावली तर मात्र धोका. वेलीवरची लाल-काळी गुंजही याच पंथातली. कोवळेपणी जांभळी पाने असणारी, रस्त्याकडेला माजलेली लाल फुलांची रान-एरंडी आणि कुंपणाची चंद्रज्योत यांच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात, म्हणून मुले त्या गटागटाने खातात आणि सगळी एकदम उलट्या-जुलाबांनी बेजार होऊन येतात. बहुतेक एक-दोन दिवसांत सावरतात. कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांच्याबाबतीत अशी निश्चिंती नाही. हृदयाचे ठोके मंदावतात, चुकतात. असे मूल हसतखेळत दिसले, तरी हृदयालेख काढून किमान २४ तास नजरेखाली ठेवावे. डिफेनबेकियाच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. एक चावा घेताच तोंड सुजते, लाळ गळू लागते, आवाज बसतो. सूज घशाकडे सरकत नाही ना, एवढे पाहावे लागते.

कळलावीविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण तिचा धोका नेमका शरदात वाढतो. पावसाळ्यात तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले कुंपणावर शोभतात, आणि हल्ली लोक ती कुंडीतही लावतात. पाऊस सरला की वेल सुकून नाहीसा होतो, परंतु कंद मातीत शाबूत राहतो. दिवाळीपूर्वी नवी रोपे लावण्यासाठी आपण जुनी कुंडी उपडी करतो, तेव्हा नांगराच्या आकाराचा तो पांढरट कंद हाती येतो आणि कणगे, रताळे अशा कंदांत तो सहज खपून जातो. त्यात कोल्चिसीन असते. खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात, मग थोडे बरे वाटल्याचा भास होतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडे, यकृत, रक्तपेशी एकेक करून खचू लागतात. उलट्या थांबल्या म्हणून असे मूल घरी पाठवू नये. कुंडीतून निघालेला अनोळखी कंद स्वयंपाकघरात नेऊ नये, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, असे कुणी म्हणेल. पण सांगावे लागते.

इतके भय घातल्यावर आता बाग लावूया!

आपल्याकडील काळ्या पानांची राणी म्हणजे कृष्ण तुळस. प्रत्येक अंगणात तिचे वृंदावन आहेच. थोडा विचार केला तर कुंडीत वाढवलेल्या गडद झाडाभोवती शरदात सजावट करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कार्तिकात व्हडल्या दिवाळीला वृंदावनात ऊस आणि आवळ्या-चिंचेच्या डहाळ्या लावून आपण तेच करतो. कृष्ण तुळशीला निदान चार-पाच तास ऊन मिळाले आणि मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या, तर पाने गर्द जांभळी राहतात. (तुळशीचा रस मधातून देण्याची चाल घराघरांत आहे. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून बोटुलिझमचा धोका असतो.)

तिच्या शेजारी गर्द जातीचा कोलियस. त्याच्या फांद्या भाद्रपदात तोडून ओल्या मातीत खोचल्या, तर दिवाळीपर्यंत कुंडी भरते. कडेने खाली ओघळण्यासाठी जांभळ्या पानांचे रताळे किंवा पर्पल हार्ट घ्यावे. पर्पल हार्टचा चीक कातडीला किंचित खाजरा असतो, यापलीकडे भीती नाही. मागच्या बाजूला उंचीसाठी काळा ऊस. तांबडी भाजी दाट पेरली, तर तीन-चार आठवड्यांत किरमिजी गालिचा तयार होतो, आणि खुडून खाता येतो तो वेगळाच. काळी हळद मिळाली तर अवश्य लावावी. तिच्या पानाच्या मधोमध गर्द तपकिरी-जांभळा पट्टा असतो आणि कंद आतून निळसर. (तिच्याविषयीच्या चमत्कारांच्या बातम्यांवर आणि त्या बातम्यांबरोबर चढणाऱ्या भावांवर मात्र विश्वास ठेवू नये.) थंडी पडू लागली की तिची पाने सुकतात, ती मेली असे समजून फेकू नये.

काळ्या देठाचे अळू दिसायला सर्वांत देखणे. परंतु कच्च्या अळवातही डिफेनबेकियासारख्याच सुया असतात. आंबट घालून नीट शिजवलेले अळू आपण आवडीने खातो, पण दोन वर्षांचे मूल पान शिजवून खात नाही. म्हणून अळवाची कुंडी मागे, हात न पोहोचेल अशी ठेवावी. रोपवाटिकेत 'काळे अळू' म्हणून मिळणारी चकचकीत शोभेची झाडे खाण्याची नसतात, हेही लक्षात असावे. जांभळ्या मिरचीचे रोप सुरेख दिसते; पाच वर्षांखालील मूल घरात असेल, तर मिरचीचे हात डोळ्यांना लागून जो आकांत होतो, तो आठवून निर्णय घ्यावा.

काळ्यावर उठून दिसायला पांढरे हवे. रातराणीची विषारी फळे टाळून सोनटक्का लावावा. पावसाळ्याच्या शेवटापासून तो फुलतो, आणि दिवेलागणीला त्याचा वास सोपाभर पसरतो. पांढरी शेवंतीही याच दिवसांत येते.

भांड्यांबाबत दोन गोष्टी. काळे लोखंडी हंडे ऑक्टोबरच्या उन्हात तापतात आणि मुळे भाजतात. त्यापेक्षा डिचोलीच्या कुंभारांची मातीची कुंडी हंड्यात बसवावी आणि मधल्या फटीत नारळाची सोडणे भरावीत. लाल माती, कुजलेले शेणखत आणि काथ्याचा भुसा समभाग घेतले की पाणी साचत नाही. दुसरे, जुन्या रंगवलेल्या भांड्यांचे पोपडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा भारतात २०१७ साली लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसे असेल ते सांगता येत नाही.

आणि हंड्याच्या तळाला भोक हवेच. ते नसले की हंडा व कुंडी यांमधल्या फटीत पाणी साचते, आणि तेथे डेंग्यूचा डास निवांत अंडी घालतो. खरे सांगायचे तर, शरदात धोतऱ्याने आजारी पडलेले मूल माझ्याकडे क्वचित येते, डेंग्यूचे मूल मात्र दर वर्षी येते. एडिस डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून कोरडी असतानाही महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी लागताच आठ-दहा दिवसांत त्यांतून डास उडतात. म्हणून कुंडीखालची ताटली नुसती उपडी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा ती काथ्याने घासावी लागते.

इतके करूनही मुलाने काही चावलेच, तर तोंडातील तुकडे बोटाने काढावेत, चूळ भरवावी, आणि मिठाचे पाणी पाजून वा घशात बोट घालून उलटी करवू नये. झाडाची फांदी, शक्य तर फळासकट, पिशवीत घालून सोबत आणावी, कारण नावे गावोगाव बदलतात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. डॉक्टर मित्रांना दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा सल्ला कोणत्याही वेळी घेता येतो.

त्या मातेने यादीतली चार नावे माझ्यासमोरच खोडली आणि कृष्ण तुळस, कोलियस, तांबडी भाजी व सोनटक्का एवढेच लावले. दिवाळीनंतर मुलीचा सर्दी-खोकला दाखवायला ती आली, तेव्हा मी बागेची चौकशी केली. तांबड्या भाजीची कुंडी रिकामी झाली होती. पाच वर्षांच्या थोरल्याने नरकासुराच्या आदल्याच दिवशी ती सगळी मुळासकट उपटून, धुऊन, आजीपुढे शिजवायला नेऊन ठेवली होती.